चष्म्याचा नंबर लेसरने घालवताना : पहिल्या तपासणीपासून शेवटच्या थेंबापर्यंत

तिसरीत असताना मला पहिला चष्मा लागला, तेव्हा नंबर दीड होता आणि वर्गात माझे नाव ‘ढापणी’ पडले. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तो नंबर उजव्या डोळ्याला साडेसहा आणि डाव्याला पावणेसहा झाला. त्या वर्षी साताऱ्याहून नोकरीसाठी पुण्यात आल्यावर मी लेसर करून घ्यायचे ठरवले आणि एका नेत्रकेंद्रात तपासणीला गेले. तपासणी वीस मिनिटांत आटोपली. समुपदेशक बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा मांडून दाखवला आणि विचारले, “उद्या सकाळी नऊला मोकळ्या आहात का? महिनाअखेरची सवलत आज संपते.” त्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या, हे मला तिथे कोणी विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही, कारण ते सांगायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे सगळे नव्याने तपासून घेतले, शस्त्रक्रिया केली, आणि आज मी चष्म्याशिवाय हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा लेख वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नये. मात्र कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न विचारायचा आणि कुठे घाई करायची नाही, हे मला आधी कोणी सांगितले असते तर दोन महिन्यांची धावपळ आणि बरीचशी भीती वाचली असती. लॅसिक, स्माइल, पीआरके या लेसरच्या पद्धतींपैकी काय करायचे हे आपण जाहिरात पाहून ठरवतो, पण ते ठरवण्याचा अधिकार खरे तर आपल्या डोळ्याच्या मोजमापांचा असतो. खालचा सगळा क्रम त्याच समजुतीवर लावला आहे.

१. लेसर नेमके काय करतो, ते आधी समजून घ्या

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, रंगीत बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. प्रकाश वळवून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम ती करते आणि उरलेले काम आतले नैसर्गिक भिंग करते. मायनस नंबर असलेल्या माणसाचा डोळा बहुधा मागेपुढे थोडा लांब असतो. त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचे धूसर दिसते. लेसरने कॉर्नियाचा मधला भाग काही मायक्रॉनने कमी केला, म्हणजेच तो किंचित सपाट केला, की प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. सगळी कारागिरी एवढ्याशा जागेत करायची असते.

‘लेसर डोळा जाळतो का?’ हा प्रश्न माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारला होता. यासाठी वापरतात तो एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अतिनील प्रकाशाचा असतो. तो पेशीजालातील रेणूंचे बंध तोडतो आणि त्यामुळे आजूबाजूचा भाग जवळपास तापत नाही. हा गुण १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम, यांचे ते काम. प्रयोगाला त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातले उरलेले टर्कीचे मांस वापरले होते आणि त्यावर पडलेला छेद कडेला अजिबात न करपलेला निघाला. ही हकिकत सांगितल्यावर आईची भीती गेली नाही, पण ती हसली तरी.

यातून निघणारी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. लेसरने चष्मा जातो, डोळ्याची लांबी कमी होत नाही. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो, आणि तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीइतकाच राहतो.

२. कागद जमवा

तपासणीची वेळ घेण्याआधी एका फाइलमध्ये पुढील गोष्टी ठेवा.

- मागच्या दोन-तीन वर्षांच्या चष्म्याच्या नंबरच्या चिठ्ठ्या. कागद सापडत नसेल तर जुना चष्मा न्यावा, त्याच्या काचांवरून नंबर काढता येतो.
- कॉन्टॅक्ट लेन्सचा प्रकार आणि त्या किती वर्षे, दिवसाचे किती तास वापरता याची नोंद.
- चालू औषधांची यादी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, तर ते आवर्जून सांगावे, कारण त्यांनी डोळे कोरडे पडतात.
- मधुमेह, थायरॉइड, संधिवातासारखे आजार असल्यास त्यांचे ताजे रिपोर्ट.
- घरात कोणाला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होत पुढे येण्याचा विकार) आहे का, कोणाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, याची माहिती.
- आरोग्यविम्याची पॉलिसी आणि ओळखपत्र.
- सैन्यदल, पोलीस, रेल्वे किंवा वैमानिकाच्या भरतीची तयारी चालू असेल, तर त्या पदाची ताजी अधिसूचना.

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नये. काही पदांना लेसर चालत नाही. काहींना चालतो, पण शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ, डोळ्याची लांबी आणि उरलेली कॉर्नियाची जाडी यांच्या अटी घालून. चष्मा आड येतो म्हणून लेसर करावा आणि मग लेसरच आड यावा, असे होऊ शकते.

नंबरच्या जुन्या चिठ्ठ्या लागतात त्या नंबर स्थिर आहे हे दाखवायला. वय अठरा पूर्ण हवे आणि निदान वर्षभरात नंबर ०.५ हून अधिक बदललेला नसावा, ही किमान अपेक्षा असते. वाढता नंबर घालवला तर तो नंतरही वाढत राहतो आणि दोन वर्षांनी पुन्हा चष्मा नाकावर येतो. लग्न ठरल्यामुळे एकोणिसाव्या वर्षी लेसरची घाई करणारी घरे मी पाहिली आहेत. नंबर तेव्हा थांबलेला असेलच असे नाही.

३. कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा, आणि खरोखरच बंद करा

लेन्स दिवसभर कॉर्नियावर बसून त्याचा आकार तात्पुरता बदलते. मऊ लेन्स तपासणीच्या निदान एक ते दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. सिलिंड्रिकल नंबरच्या टोरिक लेन्सना त्याहून अधिक काळ, आणि कडक लेन्सना तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त काळ द्यावा लागतो. दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांकडे पाहण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारला आणि माझे उत्तर ऐकून तपासणी न करता मला घरी पाठवले. तेव्हा राग आला होता. पंधरा दिवसांनी, डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्यावर, उजव्या डोळ्याचा नंबर साडेसहाऐवजी सहा भरला.

हा अर्धा नंबर दोन कारणांनी जास्त दिसत होता. एक कारण लेन्सचे. दुसरे असे, की यंत्रात पाहताना तरुण डोळा नकळत जोर लावतो आणि मायनस नंबर फुगवून दाखवतो. थेंबांनी तो जोर ढिला पडतो आणि खरा आकडा समोर येतो. पहिल्या केंद्रात दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली असती, तर माझ्या डोळ्यातून गरजेपेक्षा जास्त भाग काढला गेला असता.

४. तपासणीचा दिवस : अर्धा दिवस मोकळा ठेवा

नीट तपासणीला दोन ते तीन तास लागतात. बाहुल्या मोठ्या केल्यानंतर काही तास जवळचे दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. म्हणून दुचाकी घेऊन जाऊ नये, सोबत कोणीतरी न्यावे आणि गॉगल जवळ ठेवावा. पुढील तपासण्या झाल्या का, हे स्वतः बघावे.

कॉर्नियाचा नकाशा ही त्यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी. त्यासाठी पेंटाकॅमसारखे यंत्र वापरतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे आणि मधल्या दिव्याकडे पापणी न हलवता पाहायचे. दोन-तीन सेकंदांत कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचा रंगीत नकाशा संगणकाच्या पडद्यावर येतो. यात डॉक्टर केराटोकोनसची चिन्हे शोधतात. या विकारात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो आणि सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. अशा डोळ्यावर लेसर केला तर कमकुवत कॉर्निया आणखी कमकुवत होऊन फुगतो आणि नजर कायमची बिघडू शकते. सिलिंड्रिकल नंबर दरवर्षी बदलत असेल, किंवा ॲलर्जीने डोळे खाजतात म्हणून ते मुठीने चोळायची लहानपणापासूनची सवय असेल, तर हे डॉक्टरांना जरूर सांगावे. डोळे चोळण्याचा आणि या विकाराचा संबंध आहे.

केराटोकोनस निघालाच तर ‘सी-थ्री-आर’ नावाची प्रक्रिया सुचवली जाते. त्यात रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाशाने कॉर्निया घट्ट करतात. ती विकाराची वाढ रोखण्यासाठी असते. तिने चष्मा जात नाही आणि ती लॅसिकचा स्वस्त पर्यायही नाही. माझ्यासमोर एक गृहस्थ मुलाच्या सी-थ्री-आरनंतर चष्मा गेला नाही म्हणून भांडत होते. त्यांना हे कोणी आधी समजावून सांगितले नव्हते, हे उघड होते.

त्याशिवाय कॉर्नियाची जाडी मोजली जाते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती अश्रू भिजतात हे पाहतात. अंधारात बाहुली किती मोठी होते ते नोंदवतात आणि डोळ्याचा दाब घेतात. बाहुल्या मोठ्या करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी होते. माझ्या डाव्या पडद्याच्या कडेला एक पातळ झालेला पट्टा निघाला, तो फक्त लक्षात ठेवायला सांगितला. काहींना त्या जागी आधी वेगळा लेसर मारून घ्यावा लागतो. पडदा न पाहता कोणी तारीख देत असेल, तर तिथून उठावे.

५. रिपोर्टची छापील प्रत मागा आणि घरी आकडेमोड करा

ही आकडेमोड डॉक्टरांवर अविश्वास म्हणून करायची नाही. आपल्या डोळ्यात किती शिल्लक आहे हे आपल्याला माहीत असावे, एवढाच तिचा हेतू. माझेच आकडे देते.

माझ्या उजव्या कॉर्नियाची जाडी ४९२ मायक्रॉन भरली. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर लेसर फिरवायचा असेल, तर एका नंबरमागे ढोबळमानाने १४ मायक्रॉन जातात. म्हणजे सहा नंबरला ८४. लॅसिकमध्ये त्याआधी सुमारे ११० मायक्रॉनचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलावा लागतो. तो परत बसवला तरी डोळ्याला पूर्वीचे बळ देत नाही. ४९२ मधून ११० आणि ८४ वजा केले की २९८ उरतात. खाली किमान २५० उरायलाच हवेत आणि बरेच डॉक्टर ३०० चा आग्रह धरतात. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर ११० आणि ८४ मिळून होणारे १९४ हे ४९२ च्या ३९ टक्क्यांहून थोडे जास्त होतात, आणि हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ गेले की धोका वाढतो असे मानतात. पहिल्या केंद्राचा साडेसहा नंबर धरला असता तर मी ती रेषा ओलांडलीच असती.

पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. वरची सुमारे ५० मायक्रॉनची त्वचा काढून लेसर तिथेच फिरवतात आणि ती त्वचा काही दिवसांत पुन्हा उगवते. ४९२ मधून ५० आणि ८४ गेले तरी खाली ३५८ राहतात. डॉक्टरांनी हे गणित कागदावर मांडले आणि म्हणाले, “लॅसिक करता येईल, पण मी करणार नाही.” माझा निर्णय तिथेच झाला.

६. पर्याय ओळखा

पीआरके ही सर्वांत जुनी लेसर पद्धत. पातळ कॉर्नियासाठी आणि कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंगसारखे अंगाला भिडणारे खेळ खेळणाऱ्यांसाठी ती बरी, कारण फ्लॅप नसल्यामुळे तो सरकण्याची भीती नाही. तिची किंमत वेदनेत आणि वेळेत मोजावी लागते. पहिले दोन-तीन दिवस डोळे झोंबतात आणि नजर स्थिर व्हायला आठवडे लागतात. मोठ्या नंबरला कॉर्नियावर धुरकटपणा येऊ नये म्हणून शस्त्रक्रियेतच मायटोमायसिन नावाचे औषध काही सेकंद लावतात.

लॅसिक म्हणजे फ्लॅप उचलून खाली लेसर करणे. फ्लॅप पूर्वी यांत्रिक पात्याने कापत. आता बहुतेक ठिकाणी तो फेम्टोसेकंद लेसरने करतात आणि ‘ब्लेडलेस’ ही जाहिरात याबद्दलच असते. दुसऱ्या दिवशीच स्वच्छ दिसते, हे तिचे आकर्षण. फ्लॅप करताना कॉर्नियातील नसा कापल्या जात असल्यामुळे डोळे काही महिने कोरडे राहतात.

स्माइलमध्ये कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती लेसरने कोरतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढतात. छेद लहान असल्यामुळे कोरडेपणा तुलनेने कमी राहतो. मात्र फ्लॅप नाही म्हणून कॉर्निया कितीही पातळ असला तरी स्माइल चालते, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. त्या चकतीतही कॉर्नियाचाच भाग जातो. प्लस नंबर असेल तर तुमच्या केंद्रात ही पद्धत त्याला वापरतात का, हे आधीच विचारावे.

आयसीएलमध्ये कॉर्नियाला हात लावत नाहीत. बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक मऊ, घडी होणारी लेन्स बसवतात. आठ, दहा, बारा अशा नंबरना आणि पातळ कॉर्नियाला हा मार्ग सुचवला जातो, आणि गरज पडली तर ती लेन्स काढताही येते. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ मिलिमीटर किंवा अधिक हवी आणि कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशींची संख्या पुरेशी हवी. मापाची लेन्स मागवावी लागत असल्याने काही आठवडे जाऊ शकतात. ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, दाब वाढणे, लवकर मोतीबिंदू होणे हे धोके क्वचित असले तरी आहेत, म्हणून दरवर्षी तपासणी चुकवता येत नाही.

पन्नाशीच्या आसपास, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर, लेसर करण्यापेक्षा भिंग बदलण्याचाच विचार होतो. तरुणपणी मोठा मायनस नंबर असताना मात्र नैसर्गिक भिंग काढणे पडद्याच्या दृष्टीने जोखमीचे असते.

चाळिशीबद्दल वेगळे सांगायला हवे. जवळचे वाचायला लागणारा चष्मा भिंगाची लवचीकता गेल्यामुळे येतो, आणि लेसर केलेल्या माणसालाही चाळिशी लागतेच. ज्यांचा नंबर उणे दोन-अडीच आहे ते पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा काढून आरामात वर्तमानपत्र वाचतात. लेसर केला की ही सोय जाते. म्हणून चाळिशीजवळच्या वाचकांनी एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवण्याच्या पर्यायाबद्दल विचारावे. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसे राहून पाहावे. काहींना ते मानवते, काहींचे डोके दुखते.

७. कोणी थांबावे

गरोदर असताना आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, म्हणून तेव्हा लेसर करत नाहीत. मधुमेह आटोक्यात नसेल, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आजार बळावलेला असेल, डोळे फार कोरडे असतील किंवा ॲलर्जी जोरात असेल, तर आधी त्यावर उपचार घ्यावेत. ‘तुम्हाला लेसर करता येणार नाही’ असे दोन डॉक्टरांनी सांगितले, तर तिसरा शोधू नये. तिसरा सापडतो.

८. पैशांचा हिशोब

दरपत्रकातला आकडा एका डोळ्याचा आहे की दोन्हींचा, हे पहिल्यांदा विचारावे. मोठ्या फलकावरचा आकडा बहुधा एका डोळ्याचा असतो. तपासण्या, औषधे, पुढच्या भेटी आणि काही नंबर उरल्यास दुसऱ्यांदा करावा लागणारा लेसर यांतले काय धरले आहे, ते लेखी घ्यावे. खर्च साधारणपणे पीआरके आणि साधे लॅसिक, मग फेम्टो, मग स्माइल आणि सर्वांत वर आयसीएल असा चढत जातो. महाग ते तुमच्या डोळ्याला चांगले, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. मला योग्य असलेली पद्धत यादीत सर्वांत खाली होती, आणि पहिल्या केंद्रात तिचा उल्लेखही झाला नव्हता.

आरोग्यविम्यात ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळलेला असतो. हे कलम वगळणुकींच्या यादीत शोधावे. नंबर त्याहून जास्त असला तरी दावा आपोआप मंजूर होत नाही, प्रतीक्षाकाळ आणि पूर्वमंजुरीबद्दल विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

९. शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवसापासून काजळ, आयलायनर, क्रीम काही लावू नये, आणि त्या दिवशी अत्तरही नको. केसांवरून आंघोळ करून, पुढून उघडणारा कपडा घालून जावे, कारण परतल्यावर डोक्यावरून कपडा काढताना डोळ्याला धक्का लागतो. खाऊन जायला बहुधा परवानगी असते. भूल इंजेक्शनची नसते, थेंबांची असते.

आत थंडी वाजते. पापण्यांमध्ये तारेची छोटी चिमटी बसवतात, ती मला वेदनेपेक्षा विचित्र जास्त वाटली. वर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता आणि त्याच्याकडे पाहत राहायचे एवढेच माझे काम होते. लेसर सुरू झाल्यावर तो ठिपका पाण्यात विरघळल्यासारखा पसरला, टकटक आवाज आला आणि केस जळल्यासारखा वास आला. डॉक्टर मोठ्याने सेकंद मोजत होते. डोळा थोडा हलला तर यंत्र मागोवा घेते आणि जास्त हलला तर लेसर आपोआप थांबतो, हे आधी माहीत असते तर मी श्वास रोखून धरला नसता. एका डोळ्याचा लेसर मिनिटभरातच संपला. शेवटी मलमपट्टीसारखी एक साधी कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळले.

१०. पहिले पंधरा दिवस

लॅसिक किंवा स्माइल केलेल्यांचे हे दिवस सोपे जातात. काही तास पाणी आणि चुरचुर, मग झोप, आणि सकाळी भिंतीवरचे घड्याळ दिसते. पीआरकेवाल्यांनी निदान आठवड्याची रजा काढावी. माझे पहिले दोन दिवस खोलीचे पडदे ओढून गेले. डोळ्यांत कांदा चिरल्यासारखे आणि वाळू गेल्यासारखे होत होते. पाचव्या दिवशी ती लेन्स काढली. तोवर दिसत होते ते धुक्यातल्यासारखे, आणि संगणकावर सलग काम करण्याइतकी नजर तिसऱ्या आठवड्यात आली. दोन आठवड्यांनी मैत्रिणीशी तुलना करून मी रडले होते. तिचे लॅसिक होते. वेगळ्या शस्त्रक्रियांची तुलना करू नये.

या काळातल्या चुका सांगते.

डोळे बधिर करणारे थेंब घरी मागू नयेत आणि कोणी दिले तरी मनाने घालू नयेत. त्याने दुखणे थांबते, पण जखम भरत नाही आणि कॉर्निया विरघळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दिलेल्या वेदनाशामक गोळ्या घ्याव्यात.

स्टेरॉइडचे थेंब ठरलेल्या क्रमाने कमी करायचे असतात. ते मधेच सोडले तर धुरकटपणा येऊ शकतो आणि मनाने लांबवले तर काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो. हा वाढलेला दाब दुखत नाही, म्हणून ते चालू असेपर्यंत भेटी चुकवू नयेत. मी फ्रिजच्या दारावर तक्ता लावला होता आणि थेंब घातला की पेन्सिलने खूण करत होते. दोन वेगवेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो.

झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकची ढाल बांधावी, कारण झोपेत हात डोळ्यांकडे जातो. काही दिवस डोळ्यांत नळाचे पाणी जाऊ देऊ नये. पोहणे डॉक्टर सांगतील तितके आठवडे बंद. तारीख घेताना गणपती विसर्जन, दिवाळी आणि रंगपंचमी पंचांगात पाहूनच घ्यावी. गुलाल, फटाक्यांचा धूर आणि रंग यांतले काहीही ताज्या डोळ्याला परवडत नाही. पीआरकेनंतर काही महिने उन्हात अतिनील किरण अडवणारा गॉगल लावावा.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, डोळा अधिक लाल झाला, चिकट स्राव आला किंवा सुधारलेली नजर पुन्हा घसरली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

११. पुढचे महिने, आणि फाइल

रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे आणि कोरडेपणा यांना तीन ते सहा महिने द्यावेत. काहींना ते कमी प्रमाणात पुढेही राहतात, हे संमतिपत्रावर लिहिलेले असते, सही करण्याआधी वाचावे. मला सातारा रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे चार महिने फुललेले दिसत होते, म्हणून तेवढे दिवस मी रात्री गाडी चालवली नाही. थोडा नंबर उरला तर दुसरा लेसर करायचा की नाही, हे नजर स्थिरावल्यावर आणि कॉर्नियात पुरेशी जाडी शिल्लक असेल तरच ठरते.

मोठा मायनस नंबर असलेल्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासत राहावे. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसू लागले, तर ते लेसरचे दुष्परिणाम समजून घरी बसू नये, तातडीने पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे. काचबिंदूसाठी दाब तपासताना लेसर झाल्याचे सांगावे, कारण पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो.

शेवटचे काम कागदांचे. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाच्या वक्रतेचे आकडे, नकाशाची प्रत, किती मायक्रॉन काढले त्याची नोंद आणि नंतर स्थिरावलेला नंबर, एवढे सगळे मागून घ्यावे. पुढे मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात कोणत्या नंबरची लेन्स घालायची याचे गणित लेसर झालेल्या कॉर्नियावर चुकू शकते आणि तेव्हा हे जुने आकडे उपयोगी पडतात. केंद्रे नोंदी किती वर्षे सांभाळतील याचा भरवसा नाही. माझी फाइल आईने घराच्या कागदपत्रांशेजारी, लोखंडी कपाटात ठेवली आहे, आणि वर स्केचपेनने लिहिले आहे : ‘मोतीबिंदूच्या वेळी लागेल. टाकू नये.’